विश्लेषण : भात मावळातही पिकतो, मग ‘साके’ निगातातच का?

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाने जाणाऱ्यांना उर्से हे नाव टोलनाक्यामुळे ठाऊक असते. नाक्याच्या आजूबाजूला कारखाने आणि गोदामे दिसतात. पण मावळ तालुक्यातील हे गाव मुळात पवना खोऱ्याच्या भातपट्ट्यातले. पावसाळ्यात आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि मग झोडणी हे इथले वर्षाचे चक्र. जपानमधील निगाता हा प्रांतही डोंगर, पाणी आणि भात यांच्यावरच उभा आहे. फरक एवढाच की निगाताचा भात बाटलीत भरून, प्रांताचे नाव घेऊन जगभर जातो. कोजी बुरशीच्या साहाय्याने साके तयार करण्याच्या जपानी परंपरेचा युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. एका देशात तांदळाची दारू वारसा ठरते आणि आपल्याकडे ‘गावठी’ हा शब्द गुन्ह्याच्या बातमीतच येतो, असे का? उत्तर चवीपेक्षा कायद्यात अधिक सापडते.

साके म्हणजे नेमके काय?

जपानी भाषेत ‘साके’ म्हणजे कोणतीही दारू. तांदळापासून बनणाऱ्या पेयाला तिथे ‘निहोनशु’, म्हणजे जपानची दारू, असे म्हणतात. साके ही व्हिस्की किंवा फेणीसारखी भट्टीवर उकळून, वाफ थंड करून काढलेली दारू नाही. ती बिअर किंवा वाइनसारखी आंबवून तयार होते. बाटलीतील साकेत अल्कोहोलचे प्रमाण साधारण १५ ते १६ टक्के असते.

द्राक्षात साखर तयारच असते, तिथे यीस्टचे काम सोपे. तांदळात साखर नसते, पिष्ट असते. त्या पिष्टाची साखर करण्याचे काम कोजी नावाची बुरशी करते. वाफवलेल्या भातावर ती पेरून उबदार खोलीत सुमारे दोन दिवस वाढवली जाते. दुधाला जसे विरजण, तसा साकेला हा कोजी लागलेला भात. मग पाणी, वाफवलेला भात, कोजी आणि यीस्ट एकाच पिंपात येतात. भात आणि पाणी एकदम न घालता तीन टप्प्यांत वाढवले जाते. एकीकडे पिष्टाची साखर होत असते, दुसरीकडे त्याच पिंपात साखरेचे अल्कोहोल होत असते. तीन-चार आठवड्यांनी मिश्रण गाळले की साके आणि चोथा वेगळे होतात. हा चोथाही वाया जात नाही. त्यात भाज्या मुरवून लोणची घालतात.

दर्जा ठरवताना तांदूळ किती घासला हे पाहिले जाते. दाण्याच्या बाहेरच्या थरातील प्रथिने आणि स्निग्धांश चव जड करतात. म्हणून ‘गिंजो’ प्रकारासाठी दाण्याचा किमान ४० टक्के भाग घासून काढावा लागतो, तर ‘दाइगिंजो’साठी किमान निम्मा.

निगाताच का?

निगाता हा जपान समुद्राच्या काठचा, प्रचंड हिमवर्षावाचा प्रांत. जुने नाव एचिगो. वितळलेल्या बर्फाचे पाणी मृदू असते आणि त्यात आंबण्याची क्रिया संथ चालते. हिवाळ्यातील थंडीमुळे पिंपातील तापमान कमी राखणे पूर्वी यंत्राशिवायही जमत असे. त्यातून ‘तानरेई काराकुची’, म्हणजे हलकी, स्वच्छ आणि कोरडी अशी निगाताची शैली घडली. साके बनवणारे सुमारे ९० कारखाने या एका प्रांतात आहेत. जपानच्या इतर कोणत्याही प्रांतात एवढे नाहीत.

निसर्गाइतकाच वाटा शेतकऱ्यांचा. हिवाळ्यात शेते बर्फाखाली जात, तेव्हा हातांना काम नसे. अशा वेळी शेतकरी साकेच्या कारखान्यांत राबायला जात. त्यांच्यातला अनुभवी प्रमुख म्हणजे ‘तोजी’. एचिगोच्या तोजींचा संघ देशातील तीन मोठ्या संघांपैकी एक मानला जातो. उन्हाळ्यात भात पिकवणारा माणूसच हिवाळ्यात त्याची दारू घडवत होता.

शिवाय सरकारने आणि उद्योगाने ही कला वाऱ्यावर सोडली नाही. प्रांताने १९३० मध्ये केवळ साकेसाठी संशोधन संस्था काढली. उत्पादकांनी १९८४ मध्ये कारागिरांसाठी शाळा सुरू केली. निगाता विद्यापीठात २०१८ पासून साकेच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे. शेती, रसायन, अर्थकारण आणि आरोग्य असे सगळे विषय तिथे एका छताखाली येतात. २०२२ मध्ये ‘निगाता’ या नावाला साकेसाठी भौगोलिक मानांकनही मिळाले.

तिथे पिण्याची रीत कशी?

साके हे आधी देवाचे पेय आहे. शिंतो देवळांत ते नैवेद्य म्हणून ठेवतात आणि पारंपरिक विवाहात वधू-वर तीन पेल्यांतून तीन-तीन घोट घेतात. बैठकीत स्वतःचा पेला स्वतः भरणे शिष्टाचाराला धरून नसते. शेजाऱ्याचा आपण भरायचा, आपला तो भरतो. थंडीत कोमट, उन्हाळ्यात गार अशी ऋतूप्रमाणे पद्धत बदलते. साकेच्या जोडीला पाण्याचा पेला ठेवण्याचा आग्रह असतो.

निगातातील एचिगो-युझावा रेल्वे स्थानकावर ‘पोनशुकान’ नावाचे दालन आहे. भिंतीतल्या यंत्रात टोकन टाकले की छोटा पेला भरतो आणि प्रांतातील वेगवेगळ्या कारखान्यांची साके एका ठिकाणी चाखता येते. निगाता शहरात २००४ पासून ‘साके नो जिन’ हा महोत्सव भरतो.

या मोकळेपणाला कडक चौकट आहे. मद्यपानाचे किमान वय २० आहे. २००७ मधील कायदेबदलानंतर दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यासोबतच त्याला दारू देणारा, वाहन देणारा आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाराही शिक्षेस पात्र ठरतो.

मावळच्या तांदळाची साके होईल का?

तांत्रिकदृष्ट्या कोणत्याही तांदळाची होऊ शकते, पण चांगली होईलच असे नाही. मावळची ओळख असलेला ‘इंद्रायणी’ हा वाण वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात ‘आंबेमोहर १५७’ आणि ‘आयआर ८’ यांच्या संकरातून तयार झाला आणि १९८७ मध्ये प्रसारित झाला. वास आणि मऊ, किंचित चिकट भात हे त्याचे गुण ताटासाठी उत्तम आहेत.

साकेचा भात वेगळा असतो. दाणा मोठा, मध्यभागी पांढरट पिष्टाचा गाभा आणि प्रथिने कमी. निगाताचा असा प्रसिद्ध वाण म्हणजे ‘गोह्याकुमान्गोकु’. या नावाचा अर्थ ‘५० लाख कोकु’. एक कोकु म्हणजे साधारण १५० किलो तांदूळ. प्रांताच्या तांदूळ उत्पादनाने हा टप्पा ओलांडल्याच्या निमित्ताने १९५७ मध्ये वाणाला हे नाव देण्यात आले. जेवणासाठी मात्र निगाता ‘कोशिहिकारी’ खातो. ताटाचा भात वेगळा आणि पिंपाचा वेगळा, अशी विभागणी तिथे स्पष्ट आहे.

हवामानाचा प्रश्नही आहे. मावळात पाणी कमी नाही. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण उत्तम साके सुमारे १० अंश सेल्सिअसला आठवडेच्या आठवडे आंबवावी लागते. मावळात थंडीतल्या रात्री गार असल्या तरी दुपारी ऊन तापते, त्यामुळे शीतगृहाशिवाय हे शक्य नाही.

भारतात तांदळाची पारंपरिक पेये नाहीत असे नाही. आसाममधील दिमासा समाजाच्या ‘जुडिमा’ या तांदळाच्या पेयाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सह्याद्रीच्या पट्ट्यात मात्र आदिवासींची दारू मोहाच्या फुलांची होती. तिचे काय झाले, हे पाहिल्यावर खरा फरक कळतो.

जपाननेही घरची दारू बंद केली होती?

होय. जपानी शेतकरी घरोघर ‘दोबुरोकु’ नावाची गढूळ, न गाळलेली तांदळाची दारू बनवत. १८९९ मध्ये सरकारने घरगुती दारूवर पूर्ण बंदी घातली. कारण नैतिक नव्हते, महसुली होते. त्या काळात मद्यावरील कर हा सरकारचा सर्वांत मोठा कर ठरला होता. एकूण करउत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यातून येई. घरी बनलेला प्रत्येक घडा म्हणजे बुडालेला कर होता.

पण तिथे एक गोष्ट वेगळी घडली. ज्या अर्थ खात्याने बंदी घातली, त्याच खात्याने १९०४ मध्ये मद्यनिर्मिती संशोधन संस्था स्थापन केली. साके नासली की करही बुडतो, म्हणून ती नासू नये यासाठी यीस्ट, बुरशी आणि पाणी यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. परवाने गावोगावच्या कारखान्यांकडे राहिले. त्यामुळे घरची दारू गेली, तरी गावची दारू टिकली. पुढे २००३ पासून विशेष क्षेत्रांत, स्वतःच्या भाताची दोबुरोकु बनवून पाहुण्यांना देण्याची मुभा शेतकऱ्यांना मिळाली.

मुंबई इलाख्यात काय घडले?

सुरुवात सारखीच होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी ताबा आला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मोठ्या भट्ट्या ठेकेदारांकडे देण्यात आल्या. उरण हे मोहाची दारू गाळण्याचे मोठे केंद्र बनले. ताडी-माडीच्या झाडांवरही कर होता.

त्याही पुढे जाऊन १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसंबंधी कायदा झाला. घाटाखालच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या पालघर, ठाणे आणि रायगडच्या पट्ट्यात, फुले बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध आले. मोहाचे फूल केवळ दारूसाठी नसते. टंचाईच्या महिन्यांत कातकरी, ठाकर, वारली कुटुंबे ते वाळवून, शिजवून खात. दारू रोखण्यासाठी अन्नावरच कुलूप लागले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. पुढे ती सैल झाली, पण कायद्याची चौकट कायम राहिली. आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतो. या सगळ्यात पारंपरिक गाळणीचे कसब असलेल्या माणसाला कायदेशीर जागा कधीच मिळाली नाही. त्याची जागा हातभट्टीने घेतली. काळा गूळ, नवसागर आणि कधी थेट औद्योगिक रसायने त्यात आली. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते.

म्हणजे दोन्हीकडे सरकारने महसुलासाठी घरची दारू बंद केली. जपानने त्यानंतर दर्जाकडे लक्ष दिले, मुंबई सरकारने ठेक्याकडे.

गोव्याने फेणी कशी वाचवली?

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण गोव्याचे. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला. मार्च ते मे या हंगामात बोंडे तुडवून रस काढतात, तो आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या गाळणीची हलकी दारू म्हणजे हुर्राक. ती त्याच हंगामात पिऊन संपवायची. पुन्हा गाळली की फेणी.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण कायद्याच्या लेखी ती ‘देशी दारू’च होती आणि त्यामुळे राज्याबाहेर विक्रीला मर्यादा होत्या. २०१६ मध्ये गोवा सरकारने कायद्यात बदल करून फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आणले. पेय तेच राहिले, भट्टीही तीच. कागदावरचा एक शब्द बदलला आणि फेणी पर्यटकाच्या टेबलावर मानाने आली.

महाराष्ट्रात आता काय बदलते आहे?

द्राक्षांच्या बाबतीत राज्याने हा मार्ग आधीच चोखाळला आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइनला करसवलती दिल्या आणि नाशिक हे देशातील वाइनचे प्रमुख केंद्र बनले. काजू आणि मोहाकडे मात्र उशिरा लक्ष गेले. २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहतूक यांवरील निर्बंध सैल करण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये काजू बोंडे आणि मोहफुलांपासून बनणाऱ्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ या वर्गात घेण्याचा निर्णय झाला. आपल्याच रानातल्या फुलाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी ‘विदेशी’ हे नाव घ्यावे लागते, ही या कायद्याची गंमत आणि शोकांतिकाही.

कळीचा मुद्दा आहे परवाना कोणाला, हा. मध्य प्रदेशने २०२२ च्या धोरणात मोहाची ‘वारसा दारू’ आदिवासी बचत गटांमार्फत बनवण्याची वाट धरली. मोठ्या डिस्टिलरीला परवाना आणि आदिवासीला फक्त फुले वेचण्याची मजुरी असे झाले, तर १८७८ चाच ठेका नव्या नावाने परत येईल.

धान्याचे काय? महाराष्ट्रात धान्यापासून मद्यार्क मोठ्या प्रमाणावर बनतो, पण त्यातून तयार होते ते बिनचवीचे, बिनवासाचे शुद्ध अल्कोहोल. ते कोणत्या गावच्या धान्याचे, याला अर्थच उरत नाही. जून २०२५ मध्ये राज्याने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याधारित मद्याचा नवा वर्ग मंजूर केला. त्या निर्णयामागे प्रामुख्याने महसूलवाढीचा विचार होता. त्याच्या नावात राज्य आहे, पण खोरे, वाण किंवा शेतकरी नाही.

जपानमध्ये सगळे आलबेल आहे का?

नाही. साकेचा खप १९७३ च्या सुमारास शिखरावर होता. आज तो त्याच्या चौथ्या हिश्शाच्याही खाली आहे. तरुण पिढी एकूणच कमी पिते. २०२२ मध्ये जपानच्या कर विभागाने २० ते ३९ वयोगटाने अधिक मद्य प्यावे यासाठी कल्पना मागवणारी ‘साके व्हिवा’ स्पर्धा घेतली आणि त्यावर टीका झाली. शंभर वर्षांनंतरही दारूकडे महसूल म्हणून पाहण्याची सवय तिथेही गेलेली नाही. देशांतर्गत विक्रीसाठी साकेचे नवे परवाने जवळपास मिळतच नाहीत. २०२१ पासून फक्त निर्यातीसाठी ते दिले जाऊ लागले. त्यात अलीकडे खाण्याच्या तांदळाचे भाव भडकल्याने काही शेतकरी साकेच्या भाताऐवजी ताटाच्या भाताकडे वळत आहेत. वारशाचे प्रमाणपत्र मिळाले, तरी शेतात काय लावायचे हे बाजारभावच ठरवतो.

मग मावळाने यातून काय घ्यावे?

‘उर्सेत साके बनवा’ हा यातला धडा नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात सापडतील. म्हणूनच इथे ‘बाटली आडवी’ करण्याचा हक्क महिलांनी झगडून मिळवला. २००८ च्या नियमानुसार गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी विरोधात मत दिले, तर दारूचे दुकान बंद होते. वारशाची भाषा या हक्काच्या आड येता कामा नये. जपाननेही वारसा जपताना वाहनचालकाला आणि त्याला दारू पाजणाऱ्याला सूट दिलेली नाही.

घेण्यासारखे आहे ते निगाताचे दुसरे सूत्र. वाण, संशोधन, कारागीर आणि प्रांताचे नाव या चार गोष्टी तिथे एकत्र बांधल्या गेल्या. मावळाकडे यातल्या दोन आधीपासून आहेत : स्वतःचा वाण आणि तो घडवणारे संशोधन केंद्र. शेजारच्या मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कमी आहे ती नावाच्या राखणीची. बाजारात ‘इंद्रायणी’ म्हणून मिळणारा प्रत्येक तांदूळ मावळचा असेलच, याची हमी ग्राहकाला नाही. मूळ गावाची खूण असलेला तांदूळ, पोहे, आंबोळीचे पीठ यांना अधिक भाव मिळाला, तर त्यासाठी दारूची गरजही नाही.

उर्से परिसरात जमिनीला कारखान्यांचा आणि गोदामांचा भाव आहे. भातखाचराचे उत्पन्न त्या भावापुढे टिकणारे नाही. निगाताच्या शेतकऱ्याला आपल्या भातापासून पुढे काय बनते आणि ते कोणत्या नावाने विकले जाते, हे माहीत असते. मावळच्या शेतकऱ्याचा भात गिरणीतून बाहेर पडला की त्याचे गाव हरवते. ते गाव पोत्यावर टिकवता आले, तरच पुढच्या पिढीला आवणीला उतरण्याचे कारण उरेल.